गाडी कुणाच्या नावावर?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतलं एक निवृत्त जोडपं वही घेऊन घरी आलं. लेक ऑकलंडला असते. फेब्रुवारीत तिच्याकडे जायचं आणि तिथून सहा आठवडे दोघांनीच न्यूझीलंड गाडीनं हिंडायचं, असा बेत. आम्ही नवरा-बायको तसे हिंडून आलोय, म्हणून सल्ला हवा होता. वही पाहून मला फार कौतुक वाटलं. कुठल्या गावात किती रात्री, दूध-भाजी कुठे मिळेल, कुठल्या धबधब्यापर्यंत किती चालावं लागेल, सगळं काकांनी सुवाच्य अक्षरात टिपलेलं. गाडीसाठी मात्र एकच ओळ होती : 'जावयाची. नाहीतर तिथे गेल्यावर बघू.'

मी वही मिटली. "काका, जावयाच्या गाडीचा विम्याचा कागद बघितलात?"

"अगं, घरचीच गाडी आहे."

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत किमान दहा जणांकडून ऐकलंय आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. घरची गाडी ही भावना झाली. रस्त्यावर कुणाला धडक बसली की भावना कुणी विचारत नाही. गाडी कुणाच्या नावावर, चालवणाऱ्याचं नाव विम्यात आहे का, परवाना कुठला, एवढंच विचारतात. परदेशातल्या लांब प्रवासात गाडी ठरवायची म्हणजे मुळात नावं ठरवायची. गाडी पांढरी की करडी, चार माणसांची की सहा, हे सगळं त्यानंतर.

न्यूझीलंडमध्ये तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण गाडीचा विमा तिथे कायद्यानं सक्तीचाच नाही. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा. तिथे तसं नाही. अपघातात माणसाला इजा झाली तर उपचारांचा बराचसा भार एसीसी ही सरकारी योजना उचलते. १९७४पासून ही योजना चालू आहे, चूक कुणाची हे ती बघत नाही आणि देशात आलेल्या पाहुण्यांनाही ती लागू आहे. तिथल्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो. पण एसीसी माणसासाठी आहे, पत्र्यासाठी नाही. तुम्ही कुणाच्या महागड्या गाडीचं दार चेपवलंत आणि तुमच्या नावानं विमा नसेल, तर ते दार तुमच्या खिशातून. समोरच्यानं तुमची गाडी चेपली आणि त्याच्याकडे विमाच नसेल, तर जावयानं त्याच्या मागे फिरायचं.

जावयानं विमा काढलेला असतोच, ती माणसं व्यवस्थित असतात. पण काही पॉलिसींत ठरावीक नावांचेच चालक चालतात. काहींत परदेशी परवान्यावर चालवणाऱ्यासाठी 'एक्सेस' वाढतो. एक्सेस म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा वाटा. हे सगळं जावयाच्या विमा कंपनीला एक मेल टाकून विचारता येतं आणि उत्तर लेखी येतं. अवघड असतं ते जावयाला मेल टाकायला सांगणं. आपल्या घरांत कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. सासऱ्यानं जावयाकडे पॉलिसी मागायची? काकांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, मागायचीच. जावयाची गाडी ठोकून परत आल्यावर सहा महिने फोनवर जे अवघडलेपण येतं, त्यापेक्षा हे सोपं आहे. आमच्या ओळखीत एका घरात ते आलंय. गाडी दुरुस्त झाली, बोलणं अजून झालेलं नाही.

आता भाड्याच्या गाडीकडे येते, कारण आम्ही तीच घेतली होती. साडेसहा आठवडे, दोन माणसांची कॅम्परव्हॅन, ऑकलंडला घेऊन क्राइस्टचर्चला सोडायची.

आमच्या बुकिंगमध्ये मुख्य चालक म्हणून माझं नाव होतं. गाडी मी जास्त चालवते, नवऱ्याला गुडघ्याचा त्रास आहे. ऑकलंडच्या काउंटरवर मी परवाना आणि पासपोर्ट ठेवला, नवऱ्यानं क्रेडिट कार्ड ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं तिन्ही समोर मांडून पाहिलं आणि शांतपणे कार्ड परत सरकवलं. डिपॉझिट मुख्य चालकाच्याच कार्डावर अडकवणार, हा त्यांचा नियम. तेवढ्यात तिचं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेलं : पासपोर्टवरचं आडनाव वेगळं, परवान्यावरचं वेगळं. माझा परवाना लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. नंतर नुसतं नूतनीकरण होत गेलं. पासपोर्ट लग्नानंतरचा, सासरच्या नावाचा. पुण्यात तीस वर्षांत याबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिथे दोन तास गेले. शेवटी मुख्य चालक म्हणून नवऱ्याचं नाव गेलं. लग्नाच्या नोंदणी दाखल्याची फोनमधली प्रत तिच्या वरिष्ठांनी पाहिली, तेव्हा कुठे माझं नाव दुसरा चालक म्हणून लागलं. तो दाखला फोनमध्ये होता, हे आमचं नशीब. ती मुलगी तिचं काम नीट करत होती, तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो तीस वर्षं दोन नावांनी जगताना हा घोळ कुणालाच, मलासुद्धा, घोळ वाटला नाही याचा.

म्हणून महाराष्ट्रातल्या बायकांना माझं हात जोडून सांगणं आहे. तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट, वाहन परवाना आणि बँकेचं कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि मोठ्यानं वाचा. कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं, कुठे मधलं नाव वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. जे जुळत नसेल ते आरटीओत अर्ज करून जुळवून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने आधी लागा. कुठलं नाव ठेवायचं हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे, त्यात मी पडणार नाही. पण ते एकच ठेवा.

नवऱ्यांना दुसरी गोष्ट सांगायची आहे. दुसऱ्या चालकाचं नाव घालायचे पैसे वाचवू नका. काही कंपन्या ते फुकट घालतात, काही रोजचे थोडे डॉलर घेतात. आपली मंडळी तिथे हात आखडता घेतात, 'मीच चालवणार आहे' म्हणतात. सहा आठवडे? रोज? ऑकलंड ते वेलिंग्टन सुमारे साडेसहाशे किलोमीटर, क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन जवळपास पाचशे. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० असली तरी दोन पदरी, वळणांचे, एकेरी पुलांचे रस्ते आहेत. नकाशा तीन तास सांगतो तिथे चार धरावे लागतात. साठी ओलांडलेल्या माणसानं हे एकट्यानं ओढायचं आणि शेजारी बसलेल्या, परवाना असलेल्या बाईनं नकाशा धरून बसायचं, ही वाटणी मला मुळीच मान्य नाही. आणि कागदावर नाव नसताना 'जरा अर्धा तास तू घे' म्हणून चावी दिलीत, तर त्या अर्ध्या तासापुरता विमा गेला. पोट बिघडलं, डोळ्यांत काही गेलं, पाठ धरली, तर गाडी हलवणार कोण?

परवान्याचं त्या मानानं सोपं आहे. आपला परवाना इंग्रजीत असेल तर न्यूझीलंडमध्ये फिरतीवर आलेल्याला तो चालतो. तरी आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, दोघांनी काढून ठेवावा. आरटीओत फॉर्म ४ए भरायचा, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. भारत १९४९च्या जिनिव्हा करारात आहे, त्याच्या आधारावर तो मिळतो. मूळ परवान्याशिवाय त्याला किंमत नाही, म्हणून मूळ कार्ड सोबत हवंच. फोनमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका. गाडी तिथेही डावीकडूनच चालते, त्यामुळे पहिल्या दिवशी युरोप-अमेरिकेत होते तशी घालमेल होत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा पहिल्या मोठ्या परदेशी गाडीप्रवासासाठी मी न्यूझीलंडच सुचवते.

पैशांचं आता स्पष्ट बोलते, कारण इथे आपली फसगत आपणच करून घेतो. आपण संकेतस्थळावर रोजच्या भाड्याचा आकडा बघतो आणि सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवतो. त्या आकड्यामागे एक्सेस केवढा आहे, ते बघा. मोठ्या कॅम्परव्हॅनला तो साडेसात हजार न्यूझीलंड डॉलरपर्यंत असतो. एका डॉलरला पन्नास रुपये धरले तर पावणेचार लाख रुपये. तेवढी रक्कम कार्डावर अडकवली जाते. कार्डाची मर्यादा दोन लाख असेल तर काउंटरवर तुमचा प्रवास संपला. रोजचे जादा पैसे भरून एक्सेस शून्याच्या जवळ आणता येतो. आम्ही भरले, मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. रोजचं भाडं दुपटीच्या आसपास जाईल, पण गाडी परत देताना हात थरथरणार नाहीत. एक बारीक गोष्ट : भारतातली नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, ती आपण चालू करायची असतात. निघायच्या आदल्या रात्री नको, महिनाभर आधी करा आणि मर्यादा बँकेकडून लेखी घ्या.

डिझेलचा हिशेब फारसं कुणी सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलच्या दरातच रस्ताकर असतो, डिझेलच्या दरात नसतो. डिझेल गाडीला किलोमीटरप्रमाणे वेगळा रस्ताकर भरावा लागतो, त्याला तिथे आरयूसी म्हणतात. हलक्या गाडीला आम्ही गेलो तेव्हा तो हजार किलोमीटरला ७६ डॉलर होता. विजेच्या हलक्या गाड्यांनाही १ एप्रिल २०२४पासून तोच लागू झाला. बहुतेक कॅम्परव्हॅन डिझेलच्या. आमचे साडेपाच हजार किलोमीटर झाले, म्हणजे ४१८ डॉलर, आणि हे बिल गाडी परत देताना समोर आलं. करारात लिहिलेलं होतं, आम्हाला माहीत होतं, म्हणून वाद झाला नाही. शेजारच्या काउंटरवर मात्र एक भारतीय कुटुंब ते बिल हातात धरून सुन्न उभं होतं. पंप स्वस्त पाहून त्यांनी मुद्दाम डिझेल गाडी घेतली होती.

करार वाचा, हे सगळेच सांगतात. कुठलं पान वाचायचं ते मी सांगते : विम्यात काय धरलेलं नाही, ते पान. छताला लागलेलं नुकसान बऱ्याच करारांत धरत नाहीत, आणि कॅम्परव्हॅनचं छत आपल्या सवयीपेक्षा फार वर असतं. पार्किंगचा आडवा खांब, पेट्रोल पंपाची पत्र्याची शेड, झाडाची फांदी. गाडीचा तळही धरत नाहीत, पाण्यात घातलेली गाडी धरत नाहीत, चुकीचं इंधन भरलं तर धरत नाहीत. मग येतात रस्ते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, माउंट कुकच्या बाजूचा बॉल हट रोड, उत्तर टोकाकडचा नाइन्टी माइल बीच : बहुतेक भाडेकरारांत ही नावं असतात, तिथे गाडी नेली की विमा संपला. नाइन्टी माइल बीच तर तिथल्या कायद्यानं रस्ताच आहे, नकाशावर तसा दिसतो, आणि भरतीची वेळ चुकलेल्या गाड्या तिथे वाळूत रुततात. कायदा जाऊ देतो, करार जाऊ देत नाही. परक्या देशात आपल्याला पोलिसांची भीती असते, कराराची नसते. माझ्या मते ती उलट असायला हवी.

संडासाचं बोलायलाच हवं. कॅम्परव्हॅन घेऊन निसर्गात फुकट मुक्काम टाकायचा, हे स्वप्न घेऊन पुष्कळ जण जातात. २०२३च्या कायद्यानं त्यासाठी गाडी 'सेल्फ-कन्टेन्ड' असल्याचं नवं हिरवं प्रमाणपत्र आणलं. त्याला गाडीत कायमचा बसवलेला संडास लागतो, आणि तो पलंग टाकलेला असतानाही वापरता आला पाहिजे. कोपऱ्यात ठेवलेला हलवता डबा नव्या नियमात चालत नाही. नियम मोडला तर दंड चारशे डॉलरपासून. हा कायदा मला मनापासून पटतो. पाहुण्यांनी तळ्याकाठी काय करून ठेवलं होतं त्यातून तो आला. स्वस्तातली व्हॅन बुक करण्याआधी हिरव्या प्रमाणपत्राचा फोटो मागा. ते नसेल तरी बिघडत नाही. तिथल्या वनखात्यासारख्या विभागाची, डॉकची, गाडी जाईल अशी दोनशेहून जास्त मुक्कामाची ठिकाणं आहेत. थोडे डॉलर, साधा संडास, कधी नुसता नळ. आमच्या सर्वांत सुंदर रात्री तिथेच गेल्या.

विकत घेण्याचा विचार तीन महिन्यांपेक्षा कमी दिवसांसाठी करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिशीतली मुलं सहा-आठ महिने काम करत हिंडतात, त्यांना परवडतं. नावावर करणं तिथे विलक्षण सोपं आहे, आरटीओच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण सोपेपणातच खाच आहे. आधीच्या मालकानं गाडीवर कर्ज काढलेलं असेल तर कर्ज देणारा गाडी तुमच्याकडून उचलून नेऊ शकतो. म्हणून पैसे देण्याआधी पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत गाडीचा नंबर घालून बघायचा. काम काही मिनिटांचं आहे. विकणाऱ्यानं दिलेलं 'वॉफ', म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र, महिन्याच्या आतलं हवं. आणि शेवटी गाडी विकायची असते, विमानाची तारीख ठरलेली असते. गिऱ्हाईक ती तारीख विचारून घेतं आणि भाव पाडतं. आपल्या वयाच्या माणसांनी शेवटचा आठवडा पार्किंगमध्ये उभं राहून घालवू नये.

स्वतःची भारतातली गाडी जहाजानं नेणारे वेगळ्या जिद्दीचे. त्यांच्या गाडीला पासपोर्ट लागतो, कार्ने. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे तो मिळतो, बँक गॅरंटी ठेवून. गाडी ठरल्या मुदतीत देशाबाहेर आली नाही तर तिथलं सीमाशुल्क त्या गॅरंटीतून जातं. एका प्रवासासाठी एवढं करावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी केलं नसतं.

दोन बेटांच्या मधल्या बोटीचं मात्र ऐका. वेलिंग्टन ते पिक्टन, साडेतीन तास, आणि गाडीच्या लांबीवर भाडं. काही कंपन्या गाडी बोटीवर चढवूच देत नाहीत, वेलिंग्टनला सोडायची आणि पिक्टनला दुसरी घ्यायची. बिऱ्हाड मांडलेल्या माणसाला ते नको असतं. बुकिंग करताना हा प्रश्न विचारायचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीची बोट गाडीबरोबरच ठरवायची.

हे सगळं मी काका-काकूंना दोन संध्याकाळी सांगितलं. जावयानं मेल टाकला. उत्तर आलं की परदेशी परवान्यावर चालवणाऱ्याला जादा एक्सेस आहे आणि नावं आधी कळवावी लागतील. जावई उलट म्हणाला, बरं झालं विचारलंत, मलाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची लहान कॅम्परव्हॅन ठरवली, एक्सेस कमी करून, बोटीवर चालणारी. दुसरा चालक या रकान्याशी काका अडले. काकूंकडे परवाना आहे, पण अकरा वर्षांत त्यांनी गाडीला हात लावलेला नाही. काका म्हणाले, "तिचं नाव कशाला, उगीच." काकू इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, पेन घेतलं आणि रकान्यात नाव लिहिलं. पासपोर्टवर आहे तसं, पूर्ण.

गेला महिनाभर काकू मोटार ट्रेनिंग स्कूलच्या शिकवणाऱ्या ताईंबरोबर पहाटे सराव करतात. आधी पौड रोड, मग चांदणी चौक, मग मुळशीची वळणं. परवा सकाळी सव्वासहाला मी दूध घ्यायला खाली उतरले, तेव्हा त्यांची गाडी गेटमधून बाहेर पडत होती. ताई नव्हत्या. काका डावीकडे बसले होते, पट्टा लावून, मांडीवर थर्मास. काकूंनी आरशात एकदा पाहिलं, माझ्याकडे हात केला आणि ताम्हिणीच्या दिशेनं गाडी काढली.